वाइन चाखायची कशी? चार बाटल्या आणि आठ मित्र

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या नाशिकच्या घरी आठ जण जमलो होतो. जेवणाच्या टेबलावर चार बाटल्या, चारही गळ्यापर्यंत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि प्रत्येकीवर जाड पेनानं लिहिलेलं एकेक अक्षर: क, ख, ग, घ. कुठल्या कागदाखाली काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण बाटल्या मी गुंडाळल्या होत्या आणि नंतर मला खोलीबाहेर काढून बायकोनं त्यांची जागा बदलून अक्षरं घातली होती. प्रत्येकासमोर एक कोरा कागद. नियम एकच, आधी लिहायचं आणि मग बोलायचं.

‘ख’बद्दल शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीनं लिहिलं, “ढोबळी मिरची चिरताना येतो तो वास.” तिच्या शेजारच्यानं लिहिलं, “घरात कुठेतरी पेरू ठेवलाय, पण दिसत नाहीये.” तिसऱ्याच्या कागदावर होतं, “नुकतं कापलेलं गवत.” एकमेकांचे कागद कुणी पाहिले नव्हते. कागद सोडला तेव्हा आत सोव्हिन्यों ब्लां निघाली, आणि या द्राक्षाच्या वाइनचं वर्णन जगभरचे जाणकार जवळजवळ याच शब्दांत करतात. आमच्या तिघांपैकी एकानंही वाइनवरचं पुस्तक उघडलेलं नाही.

म्हणून हा लेख. आपल्याकडे वाइन पिणारी माणसंही “मला त्यातलं काही कळत नाही हं” असं आधीच सांगून टाकतात. हॉटेलात वेटर थोडीशी ओतून समोर उभा राहतो आणि आपण घाईघाईनं मान डोलावतो. मी स्वतः या विषयात काही शिकलेलो नाही. पण काही वर्षं मित्रांबरोबर हजार रुपयांच्या आतल्या बाटल्या चाखून माझी खात्री पटली आहे की चव ओळखायला लागणारं बहुतेक सामान आपल्या जिभेवर आणि आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. फक्त दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. वाइन कधी एकटी चाखू नये, शेजारी दुसरी असावी. आणि बाटली झाकलेली असावी.

एकटी का नाही? एकच आंबा खाल्ला तर माणूस म्हणतो “छान आहे”. हापूस आणि पायरी शेजारी ठेवून खाल्ले की लगेच एकात आंबटपणा जास्त, दुसऱ्यात रस पातळ, असं तो आपसूक बोलायला लागतो. वाइनचंही तसंच आहे. फरक दिसला की शब्द सुचतात.

द्राक्षापासून पेल्यापर्यंत

आमच्यातल्या एका मित्राची निफाडला द्राक्षबाग आहे. बाग त्याचे वडील पाहतात आणि आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वाइनबद्दल मला जे नीट समजलं त्यातलं बरंचसं त्यांच्या बागेत उभं राहून समजलं, जरी ते स्वतः खायची द्राक्षंच लावतात.

युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल झोपी जाते आणि वसंतात उठते. पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. आपल्याकडे वेलीला अशी झोप मिळत नाही, म्हणून छाटणी करून तिचं वर्ष माणसाला आखावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे घड पिकतात ते थंडीत. निफाडची थंडी बातम्यांत असते ती उगाच नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की साखर भरते, पण आंबटपणा टिकून राहतो. फार गरम भागातल्या द्राक्षात गोडी भराभर वाढते, आंबटपणा उडून जातो, आणि मग वाइन मिळमिळीत होते.

वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षाहून वेगळं. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि रसात साखर जास्त, एका लिटरला साधारण २२० ते २४० ग्रॅम. यीस्ट ही साखर खातं आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. लिटरमधल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का मद्यार्क, असा ढोबळ हिशेब. २२० ला १७ नं भागा, तेराच्या जवळपास येतं. बाटलीवर बहुधा तोच आकडा छापलेला असतो. सगळी साखर संपली की वाइन ‘ड्राय’. मध्येच थांबवली किंवा थोडी शिल्लक राहिली तर गोडसर.

रंग सालीत असतो. काळं द्राक्ष सोलून पाहिलं तर आतला गर बहुतेक जातींत फिकाच असतो. रेड वाइनमध्ये रस सालींसकट आंबतो, व्हाइटमध्ये साली आधीच वेगळ्या करतात, गुलाबी रोझे वाइनमध्ये साल रसात थोडेच तास राहते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की पुढचं अर्धं समजतं, कारण सालीतून आणि बियांतून रंगाबरोबर तुरटपणाही येतो. रेड वाइन तुरट लागते आणि व्हाइट सहसा लागत नाही, त्याचं कारण एवढंच.

आधी तीन वाट्या

वाइन उघडण्याआधी आम्ही तीन वाट्या मांडतो. एकीत चिंचेचं पातळ पाणी, दुसरीत गार झालेला कडक कोरा चहा, तिसरीत साखरेचं पाणी. मुलांच्या खेळासारखं वाटेल, पण माझ्या मते सगळ्या संध्याकाळीतली ही सर्वात उपयोगी दहा मिनिटं असतात.

चिंचेचं पाणी तोंडात घेतलं की जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटते. गिळल्यावरही सुटत राहते. वाइनचा आंबटपणा मोजायची हीच खूण. पाणी किती सुटलं आणि किती वेळ टिकलं ते पाहायचं. चिंच मुद्दाम निवडली आहे. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक आम्ल आहे आणि चिंचेतही तेच भरपूर असतं. द्राक्षात दुसरं एक आम्ल असतं, कच्च्या सफरचंदात असतं ते, मॅलिक. ते जास्त बोचरं. बहुतेक रेड वाइनमध्ये आणि काही व्हाइटमध्ये जिवाणूंकडून त्याचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करून घेतात, म्हणजे दह्यातल्या आम्लात. म्हणून शार्डने या द्राक्षाच्या काही वाइनना ताज्या लोण्याचा वास येतो. ती कुणाची कविकल्पना नाही. या रूपांतरात तयार होणारं डायअसेटिल नावाचं द्रव्य लोण्याच्या वासातही असतं.

कोऱ्या चहाचं काम उलटं. त्यानं लाळ सुटत नाही, उलट हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत होते. चहातली, सुपारीतली, जांभळातली आणि रेड वाइनमधली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडाचा ओशट गुळगुळीतपणा नाहीसा होतो. म्हणजे तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट आहे. शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा पाचच चवी मानतं. पण आपल्या सहा रसांत कषाय, म्हणजे तुरट, याला स्वतःची जागा आहे, आणि वाइन चाखताना हीच जुनी यादी जास्त कामाला येते. आवळा आणि करवंदं खात वाढलेल्या माणसाला तुरट आणि कडू यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

साखरेचं पाणी एका गोंधळापासून वाचवतं. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू “गोड” म्हणून मोकळा होतो, मग वाइनमध्ये साखरेचा कणही नसला तरी. अशा वेळी नाक चिमटीत धरून घोट घ्यायचा. खरी गोडी असेल तर जिभेच्या टोकाला तरीही जाणवते. नसेल तर उरतो नुसता आंबटपणा. आमच्याकडे एकानं ‘क’ला ठासून “गोड” म्हटलं होतं. नाक धरल्यावर त्यानं स्वतःच ते खोडलं आणि “पिकलेल्या सफरचंदाचा वास, चव आंबट” असं लिहिलं. ती शेनिन ब्लां या द्राक्षाची व्हाइट वाइन होती, आणि ड्राय होती.

आणखी एक गोष्ट तोंडात कळते ती म्हणजे दाटपणा. पातळ ताक आणि साय न काढलेल्या दुधाचं घट्ट ताक यांत चवीपलीकडे जो फरक असतो, तो. वाइनमध्ये तो मुख्यतः मद्यार्क आणि उरलेल्या साखरेमुळे येतो. पेला फिरवल्यावर काचेवरून ओघळ उतरतात, त्यांना दर्जाची खूण समजणारे लोक आहेत. ते ओघळ मद्यार्क उडून जाताना तयार होतात. मद्यार्क जास्त असेल तर ते जास्त दिसतात, एवढाच त्यांचा अर्थ.

खरं काम नाकाचं

सर्दीनं नाक चोंदलं की आमटी आणि उसळ सारखीच लागते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं फार मोठं काम वास करतो, आणि तो फक्त नाकपुड्यांतून आत जात नाही, घशामागून वरही चढतो. एक सोपा प्रयोग करून पाहा. चिमूटभर साखरेत वेलदोड्याची पूड मिसळा, नाक घट्ट धरा आणि ती जिभेवर ठेवा. फक्त गोड लागेल. आता नाक सोडा. वेलदोडा एकदम अवतरेल.

म्हणून वाइन आधी हुंगायची. पेला एकतृतीयांशाहून जास्त भरायचा नाही, टेबलावर टेकवूनच गोल फिरवायचा, म्हणजे वाइन हवेला लागते आणि वास वर येतो. मग लहान लहान श्वास. त्यानंतर घोट घेऊन चूळ भरल्यासारखा तोंडभर घोळवायचा, आणि गिळल्यावर नाकानं हळूच श्वास बाहेर सोडायचा. त्या सुटणाऱ्या श्वासात बरंच काही सापडतं. नाक दमतं, मग काहीच येईनासं होतं. तेव्हा थोडं थांबून आपल्याच कोपराचा वास घ्यावा. ओळखीच्या वासानं नाक पुन्हा ताळ्यावर येतं, निदान माझं तरी येतं.

आता ढोबळी मिरचीकडे. ती आमच्या मैत्रिणीनं कल्पनेनं आणलेली नव्हती. सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांत पायराझिन नावाची द्रव्यं असतात आणि ढोबळी मिरचीचा वास त्याच कुळातल्या द्रव्यांचा. द्राक्ष जितकं कमी पिकलेलं, तितका हा हिरवा वास ठळक. पेरूही खरा. सोव्हिन्योंमधलं गंधकयुक्त थायोल पेरूतही सापडतं आणि पॅशनफ्रूटमध्येही. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनला मिऱ्यांचा वास येतो, कारण मिऱ्यांतलं रोटुंडोन हे द्रव्य शिराझच्या सालीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००८ साली शोधून काढलं, आणि त्याच कामात आणखी एक गोष्ट पुढे आली: चाचणीतल्या जवळपास पाचातल्या एकाला रोटुंडोनचा वास येतच नव्हता. म्हणजे एकाला मिरी आली आणि दुसऱ्याला आली नाही तर दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघांची नाकंच वेगळी आहेत. आम्ही वाद घालत बसायचो. हे कळल्यापासून थांबलो.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मोघम “सुंदर”, “भारदस्त” असे शब्द बाजूला ठेवून फळ, मसाला, लाकूड, माती अशा ओळखीच्या वस्तूंची नावं त्यात मांडली. कल्पना उत्तम आहे, पण त्यातली ब्लॅककरंट आणि गूजबेरी आपल्यातल्या बहुतेकांनी कधी खाल्लेली नसतात. न खाल्लेल्या फळाचं नाव लिहिण्यात काय अर्थ? आमच्या कागदांवर जांभूळ, करवंद, कैरी, पेरू, भिजलेली माती, कातडी चप्पल, सुपारी, चुलीचा धूर, मनुका, तमालपत्र, ओली गोणपाटं असे शब्द आहेत. माझा आग्रह एवढाच की वासाचं नाव आपल्या आठवणीतून यावं. आजीच्या कपाटाचा वास आला तर “आजीचं कपाट” असंच लिहावं. पुढच्या वेळी तोच वास पुन्हा भेटतो आणि हळूहळू त्या शब्दाला नेमकेपणा येतो.

झाकायची कशासाठी

बोर्डो विद्यापीठातल्या फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली आणि तीच वाइन चव नसलेला लाल रंग घालूनही दिली. लाल पेल्यासाठी विद्यार्थ्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. हे काम २००१ साली प्रसिद्ध झालं. २००८ मधला एक प्रयोग मेंदूच्या स्कॅनरमध्ये झाला. एकाच वाइनवर एकदा १० डॉलर आणि एकदा ९० डॉलर अशी किंमत सांगितली. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाशी संबंधित भागही तेव्हा जास्त चेतला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. किंमत ऐकून त्यांना खरोखरच जास्त सुख मिळालं.

त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकून घेतलेल्या चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले गेले. किंमत ठाऊक नसेल तर सर्वसाधारण माणसांना महाग वाइन किंचित कमी आवडते असं दिसलं. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं. परीक्षकही यातून सुटत नाहीत. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवली, अर्थात त्यांना न सांगता. आपल्या गुणांत सातत्य राखणारे परीक्षक दहातला एखादाच निघाला.

आणि सगळ्यात गाजलेली चाचणी २४ मे १९७६ ची, पॅरिसमधली. स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. रेड आणि व्हाइट दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली. बाटल्या उघड्या असत्या तर हे घडलं नसतं.

डिसेंबरच्या त्या संध्याकाळी आमच्या चार बाटल्यांत दोन एकाच वाइनच्या होत्या. ‘ग’ आणि ‘घ’, तीच शिराझ, त्याच वर्षाची. हे फक्त मला आणि बायकोला माहीत होतं, पण अक्षरं तिनं घातल्यामुळे त्या दोन कोणत्या हे मलाही ठाऊक नव्हतं. आठपैकी पाच जणांनी दोघींना वेगळे गुण दिले. ‘ग’ आधी चाखली गेली तेव्हा ती अनेकांना फार तुरट वाटली. ‘घ’पर्यंत तोंड सरावलं होतं, मध्ये पनीरचा तुकडाही पोटात गेला होता, आणि तीच वाइन “मऊ” झाली. चाखण्याचा क्रम, भूक आणि सोबतचं खाणं चव किती हलवतं ते या एका जोडीनं आम्हाला दाखवलं. तुम्हीही एक जोडी लपवून पाहा.

याचा अर्थ महाग वाइन म्हणजे नुसतं नाव, असा काढू नये. फ्रेंच ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या एका पिंपातून ३०० बाटल्या निघतात आणि ते पिंप फार महाग असतं. एकरी मुद्दाम कमी घड ठेवणं आणि वाइन वर्ष-दोन वर्षं मुरवत ठेवणं, यांनी चवीत खरा फरक पडतो. पण तो फरक जाणवायला आधी साध्या वाइन शेजारी शेजारी चाखलेल्या असाव्या लागतात.

कोणत्या बाटल्या घ्याव्या

महाराष्ट्रात राहणाऱ्याला इथे मोठी सोय आहे. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी नारायणगावला इंडाज ही वाइनरी सुरू केली आणि तिथली फेसाळ वाइन परदेशात विकली गेली. राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन नाशिकजवळच्या गंगापूर धरणालगतच्या वेलींमधून २००० साली आली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले, राज्यात बनणाऱ्या वाइनला करात सवलत दिली. अकलूजजवळ मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावाभावांच्या जोड्यांनी मिळून फ्रातेल्ली काढली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. शेजारी कर्नाटकात नंदी टेकड्यांजवळ ग्रोव्हर. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं जबर आयात शुल्क राहिलं आहे, त्यामुळे हजार रुपयांत परदेशी बाटलीपेक्षा इथली बाटली जवळजवळ नेहमीच जास्त प्रामाणिक निघते.

पहिल्या बैठकीसाठी एक शेनिन ब्लां, एक सोव्हिन्यों ब्लां आणि दोन शिराझ घ्या, असं मी सांगेन. दुसऱ्या बैठकीत द्राक्ष एकच ठेवून तीन वेगवेगळ्या वाइनरी घ्या. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळते ती स्वस्त, लाल, गोड वाइन या रांगेत बसवू नका. तिच्या गोडीपुढे बाकीच्या सगळ्या आंबट लागतात. जिलबीनंतर चहा अगोड लागतो तसंच. मूळची पोर्ट पोर्तुगालच्या दौरू खोऱ्यातली. तिथे आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाचं कडक मद्य घालतात, म्हणून ती गोड राहते आणि कडकही होते. तिच्यासाठी स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी.

दुकानात बाटलीवरचं वर्ष पाहा. साधी व्हाइट वाइन एक-दोन वर्षांतच प्यायची असते, जुनी म्हणून ती भारी होत नाही. काचेच्या दर्शनी भागात उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाइन बाटलीतच शिजते आणि मुरंब्यासारखा जड, बोथट वास येतो. फिरकीचं झाकण असलेल्या बाटलीला कमी समजू नका. बुचात कधी कधी एक दोष असतो आणि त्यानं वाइनला दमट पुठ्ठ्याचा वास लागतो. फिरकीच्या झाकणात ती भीती जवळजवळ नसते.

टेबलावरच्या काही गोष्टी

पेले सगळे एकसारखे, पोटाशी रुंद आणि तोंडाशी थोडे निमुळते. स्टीलच्या भांड्यात रंग दिसत नाही आणि वासही साठत नाही. रेड वाइन “खोलीच्या तापमानाला” प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. आपली खोली मेमध्ये ३५ अंशांवर जाते. रेड साधारण १६ ते १८ अंशांना चांगली, म्हणून तिलाही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. व्हाइट फ्रीजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा, बर्फासारखी गार असेल तर वास मुका होतो.

खायला साधा पाव, बिनमसाल्याचे शेंगदाणे, पनीर. तिखट शेव-चिवडा चाखणं संपल्यावर. मिरचीनं तोंडातले जे तंतू पेटतात तेच मद्यार्कानंही चाळवतात, त्यामुळे तिखटाबरोबर वाइन नुसती जाळते आणि तुरटपणाही बोचायला लागतो. जेवताना तिखट रस्सा असेल तर किंचित गोडसर, कमी मद्यार्काची व्हाइट बरी. सुरमईच्या कालवणाबरोबर शेनिन ब्लां माझी सर्वात आवडती.

प्रमाणाबद्दल स्पष्ट बोलतो. आम्ही माणशी प्रत्येक वाइन ४५ मिलि ओततो, घरातल्या तीसच्या मापानं दीड माप. चार वाइन म्हणजे १८० मिलि, हॉटेलातल्या एका पेल्याहून थोडी जास्त. आठ जणांत एका बाटलीतली निम्म्याहून कमी संपते. थुंकण्यासाठी एक भांडं मध्ये ठेवलेलं असतं आणि ते वापरायला आमच्यात कुणी संकोच करत नाही. चव तोंडात आणि नाकात कळते, पोटात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की मद्याचं पूर्ण निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही, आणि हे माहीत असूनच आम्ही थोडी चाखतो. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. गाडी चालवणारा त्या दिवशी फक्त हुंगतो. आमच्याकडे तो मान त्या संध्याकाळी निफाडच्या मित्राकडे होता, आणि सर्वात नेमके वास त्यानंच लिहिले.

त्याच्याबरोबर काकाही आले होते. ते पीत नाहीत. त्यांनी चारही पेले ओळीनं हुंगले आणि ‘ख’वर थांबून म्हणाले, “अरे, हा माल दोन-चार दिवस आधी तोडलाय.” पायराझिन हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही.

उरलेल्या बाटल्यांना झाकणं लावून त्या फ्रीजमध्ये ठेवल्या, रेडसुद्धा. गारव्यात हवेचं काम मंद होतं आणि वाइन दोन-तीन दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरल्यावर बायकोनं आणि मी ‘ग’ आणि ‘घ’ पुन्हा थोडी थोडी ओतली, या वेळी पाव-पनीर काही न घेता आणि ‘घ’ आधी. आदल्या दिवशीची मऊ ‘घ’ आता जास्त तुरट लागली आणि ‘ग’ जांभळासारखी. कालच्या कागदांच्या मागच्या बाजूला तारीख घालून आम्ही तेही लिहून ठेवलं.